धंतोलीतली ती खोली आणि आधीच्या बाई

या सदराकडे सल्ला विचारायला आलेलं पत्र थोडक्यात असं आहे. लिहिणारी तेहेतीस वर्षांची, मूळची यवतमाळची, नागपुरात मिहानमधे नोकरी. आतापर्यंत मनीष नगरला दोन मैत्रिणींसोबत फ्लॅटमधे राहत होती, एकीचं लग्न ठरलं आणि तो फ्लॅट सुटतोय. धंतोलीतल्या एका जुन्या बंगल्याच्या वरच्या मजल्यावर तिला एक मोठी खोली मिळून राहिली आहे, कोपऱ्यात ओटा, मागच्या बाजूला नंतर काढलेलं बाथरूम. ब्रोकर तिला 'व्हिंटेज स्टुडिओ' म्हणतो. लाल कोब्याची गुळगुळीत जमीन, सागवानी खिडक्या, भिंतीतलं कपाट, काळी गोल बटणं, आणि दाराच्या चौकटीवर पेन्सिलीने केलेल्या लहान मुलांच्या उंचीच्या खुणा. भाडं साडेआठ हजार, आजूबाजूला बारा सांगतात. पहिल्या भेटीतच तिला खोली आवडली. अ‍ॅडव्हान्स द्यायच्या आदल्या दिवशी खालच्या मजल्यावरच्या काकूंनी सांगितलं की तिथे एक शाळेतल्या बाई ३१ वर्षं एकट्या राहिल्या, मागच्या हिवाळ्यात तिथेच गेल्या, आणि दोन दिवसांनी दूधवाल्याच्या लक्षात आलं. मालक यातलं काही बोलला नव्हता. मैत्रिणी म्हणतात वेडी आहेस का. आईला अजून काहीच माहीत नाही. 'काकू, माझा भुताखेतांवर विश्वास नाही,' ती लिहिते, 'पण तिथे रात्री एकटीने झोपायचं म्हटलं की पोटात गोळा येतो. आई तर आधीच म्हणत असते की एकटी राहून शेवटी काय होतं ते पाहशील. खोली घेऊ की नको? आणि आईला सांगू की नको?'

अगं, तुझं पत्र मी दोनदा वाचलं. एकदा सकाळी चहासोबत आणि एकदा मुद्दाम रात्री लाईन गेली होती तेव्हा मोबाईलच्या उजेडात, म्हटलं पाहू तरी भीती वाटते का. नाही वाटली बाप्पा. तुझ्या पत्रात भूत कुठेच सापडलं नाही मला, घाबरलेली माणसं मात्र चार-पाच सापडली आणि प्रत्येकजण वेगळ्याच गोष्टीला घाबरून राहिला आहे. मालकाला भीती की खोली रिकामी पडेल, म्हणून तो गप्प बसला. मैत्रिणींना तुझी काळजी, ते ठीकच. पण खालच्या त्या काकूंचा मी जरा जास्त विचार केला. त्यांच्या डोक्यावरच्या खोलीत एक बाई दोन दिवस पडून होती आणि त्यांना पत्ता लागला नाही, ते दूधवाल्याला कळलं. हे त्यांच्या मनातून जात नसणार गं. म्हणून खोली पाहायला येणाऱ्या प्रत्येकाला त्या सांगत सुटल्या असतील. तुला घाबरवायला नाही, स्वतःचं मन हलकं करायला.

आणि तू. भुतावर विश्वास नाही म्हणतेस, मानलं. पण त्याच दमात आईचं वाक्य लिहिलंस, एकटी राहून शेवटी काय होतं ते पाहशील. आता हे वाक्य त्या खोलीबद्दल आहे का? ते तू मनीष नगरला होतीस तेव्हाही होतं, उद्या बेसाला नव्याकोऱ्या स्कीममधे सातव्या मजल्यावर फ्लॅट घेतलास तरी राहील. फक्त इथे त्या वाक्याला एक पत्ता मिळाला, बस. तुझ्या पोटातला गोळा बाई तिथे दिसतील याचा नाही, तू त्यांच्यासारखी होशील याचा आहे असं मला वाटून राहिलं. चुकत असेन तर सांग, मला राग येणार नाही.

पण जरा हिशोब कर माझ्यासोबत. ३१ वर्षं म्हणजे अकरा हजारांच्या वर दिवस. त्यातले लोकांना आठवतात किती, तर शेवटचे दोन. बाकीच्या अकरा हजार दिवसांत त्या बाई काय करत होत्या हे कोणी तुला सांगितलं का, आणि तू तरी विचारलं का? तूच पत्रात चौकटीवरच्या पेन्सिलीच्या खुणांबद्दल लिहिलंस, 'इन्स्टावर टाकायला भारी' असं. ती कोणाची मुलं गं? बाईंना मूलबाळ नव्हतं हे तूच लिहिलंस, मालक त्या मजल्यावर कधी राहिला नाही. म्हणजे ती मुलं बाईंकडेच येत असणार, शिकवणीला म्हण की आणखी कशाला, आणि नुसती येऊन जात नसणार. कारण एकदा येणाऱ्या मुलाची उंची कोणी चौकटीवर लिहीत नाही. आज लिहायची आणि पुढच्या वर्षी पुन्हा त्याला टाचा टेकवून उभं करायचं, हे वर्षानुवर्षं चालत असेल तरच माणूस पेन्सिल घेतो. बाई सुखी होत्या असं मी म्हणत नाही, मला काय माहीत. त्यांचेही वाईट दिवस गेले असतील, तापाने फणफणत एकटीने खिचडी टाकली असेल. पण 'बिचारी एकटी गेली' या तीन शब्दांत जी बाई बसवली आहे, ती त्या चौकटीवाली बाई वाटत नाही मला.

आणि घरात कोणी जाणं ही काही अशुभ किंवा दुर्मिळ गोष्ट नाही ना. आता धंतोलीत गल्लोगल्ली हॉस्पिटलं झाली म्हणून मरण तिकडे गेलं, आपल्या आजीच्या पिढीत माणूस घरीच जन्मायचा आणि घरीच जायचा. महालातल्या कोणत्याही जुन्या वाड्यात जाऊन विचार, ज्या खोलीत सहा बाळंतपणं झाली तिथेच आजोबा गेले आणि पुढच्या वर्षी तिथेच नव्या सुनेचं कपाट लागलं. तेव्हा कोणी ब्रोकरला विचारायला गेलं नाही की इथे काही झालं होतं का. पन्नास-साठ वर्षं जुनी खोली हवी आणि तिच्यात कोणी गेलेलं नको, हे कसं जमायचं? लाल कोबा इतका गुळगुळीत झाला तो त्याच्यावरून कोणीतरी रोज चाललं म्हणून झाला.

तरीही मन घेत नसेल तर नको घेऊ. अगदी साधं आहे. कोणाला कारण द्यायची गरज नाही, स्वतःलाही पटवायची गरज नाही की मी किती सायंटिफिक. घर म्हणजे दिवसभराचं दमून जिथे चप्पल काढायची ती जागा, तिथे रोज मनाशी कुस्ती नको. फक्त 'मन घेत नाही' हे ऐकीव गोष्टीवरून ठरवू नको, तिथे बसून ठरव. मालकाकडून चावी माग आणि तीनदा जा. एकदा सकाळी नळ येतो तेव्हा, एकदा दुपारी तीनला, आणि एकदा रात्री नऊ-दहाला, जमलं तर एकटीच, एक तास नुसती जमिनीवर बस, फोनवर बोलत नाही, रील्स पाहत नाही. रात्रीच्या त्या तासात जे वाटेल ते तुझं स्वतःचं असेल. सकाळचा आणि दुपारचा तास कशाला म्हणशील तर ते सांगतेच, कारण खरी भानगड तिथे आहे.

त्याआधी माझं एक सांगते. १९८८ साली आम्ही महालात एका वाड्यात दोन खोल्या घेतल्या होत्या. आमच्या आधीच्या बिऱ्हाडात काहीतरी वाईट झालं होतं म्हणे, काय ते आजपर्यंत धड कळलं नाही, पण सासूबाईंच्या कानावर गेलं आणि मग काय, शांतीची पूजा झाली, सत्यनारायण झाला, दारावर लिंबू-मिरची लटकली, चारही कोपऱ्यांत गोमूत्र. मीही सगळं केलं हो, वाद नको म्हणून. आणि मे महिन्यात एका दुपारी कूलरमधे पाणी टाकताना मला असा करंट बसला की बादली तिकडे नि मी इकडे. हे घरीच होते म्हणून बटण बंद केलं, नाहीतर आज हे सदर दुसऱ्याच कोणाला लिहावं लागलं असतं. घराला अर्थिंगच नव्हतं. घरमालकाला वर्षभर सांगत होतो वायरिंग पाहून घ्या म्हणून, तो आज पाहतो उद्या पाहतो करत राहिला. तर भिंतीत जे लपलेलं होतं ते तांब्याच्या वायरीवरचं चुरा झालेलं कापड होतं, आणि त्याला कोणताच मंत्र चालत नव्हता.

तेव्हापासून जुन्या घराचा भूतकाळ म्हटलं की मी आधी मीटरचा डबा पाहते.

तुझी ती काळी गोल बटणं. दिसतात गोड, कबूल. पण त्या बटणांच्या मागची वायर त्यांच्याच वयाची असली तर? लाकडी पट्टीवरून गेलेली वायर, पोर्सलीनचे किटकॅट फ्यूज, दोन पिनांचे सॉकेट, हे दिसलं की समजायचं इथे अर्थिंगची तिसरी वायर नाही. बाईंचं भागलं असेल एक पंखा, एक ट्यूब, एक रेडिओवर. तू काय लावणार? कूलर नाहीतर एसी, इंडक्शन, गीझर, लॅपटॉप. दीड टनाचा एसी एकटाच साधारण दीड किलोवॅट खातो, त्याला मीटरपासून वेगळी जाड वायर आणि स्वतःचा एमसीबी (जास्त करंट ओढला की आपोआप पडणारं बटण) लागतो, त्या जुन्या पट्टीवर टाकलास तर एखाद्या रात्री जळका वास येईल. म्हणून अ‍ॅडव्हान्सच्या आधी तुझ्या ओळखीचा इलेक्ट्रिशियन घेऊन जा, मालकाचा नाही, तुझा. त्याला चार-पाचशे रुपये दे आणि एवढंच पाहायला सांग की अर्थिंग आहे का आणि चालू आहे का, मेन बोर्डवर करंट गळती पकडणारं ते ईएलसीबी आहे का (नवीन बोर्डांत आरसीसीबी म्हणतात, ३० मिलीअँपियरचं लागतं), आणि मंजूर लोड किती आहे ते बिलावर पाहून ठेव. दरवर्षी उन्हाळ्यात आपल्याकडे पेपरमधे कूलरच्या करंटने माणूस गेल्याची बातमी येतेच ना, विदर्भात राहतो आपण, कूलर म्हणजे अंगणात तुळस तसा खिडकीत कूलर. प्लग काढल्याशिवाय पाणी टाकायचं नाही, टाकीला ओला हात लावायचा नाही, हे तू एकटी राहणार म्हणून दहा वेळा सांगते, कारण बटण बंद करायला दुसरं कोणी घरात नसणार. बटणांचा मोह असेल तर वरची बटणं तशीच ठेव, आतलं सगळं बदलून घे, चांगला मिस्त्री करून देतो.

दुपारी तीनला काहून जायचं ते आता. वर मंगलोरी कवेलू, म्हणजे कौलं, आणि खाली फळ्यांचं सीलिंग आहे असं लिहिलंस, तेव्हा मला पहिले भाड्याचं कोडं सुटल्यासारखं वाटलं. साडेतीन हजार कमी हे बाई गेल्या म्हणूनच कमी आहेत हे तू धरूनच चाललीस. कशावरून? धंतोलीत पहिल्या मजल्यावर, पश्चिमेची भिंत, डोक्यावर कवेलू, आणि हा मार्च चालला आहे. एप्रिलमधे राहायला जाशील आणि मेच्या नवतप्यात पारा पंचेचाळीसच्या पुढे गेला की तुला बाईंची आठवण नाही येणार, मालकाची येईल. तेव्हा भर दुपारी जाऊन पश्चिमेच्या भिंतीला हात लावून पाहा, छताखाली उभी राहून पाहा. कूलर कोणत्या खिडकीत बसेल, त्या सागवानी खिडकीची चौकट मालक कापू देईल का (मी तर म्हणते कापूच नको, बाहेरून स्टँड लाव), हवा निघायला समोर दुसरी खिडकी आहे का, कारण कोंडलेल्या खोलीत कूलर म्हणजे नुसती चिकचिक. जुन्या बांधकामाच्या जाड भिंती आणि उंच सीलिंग असेल तर उलट नवीन स्लॅबच्या फ्लॅटपेक्षा बरं पडतं, हेही होतं, म्हणून स्वतः जाऊन पाहा म्हणते. आणि सीलिंगच्या फळ्यांवर पिवळे-तपकिरी डाग दिसले तर पावसाळ्यात गळतं. जूनच्या आधी कवेलू फेरून देईन असं मालकाकडून लिहून घे, बोलण्यावर नको. सागवानाचं कौतुक करताना खिडकीच्या खालच्या कोपऱ्यात पेन टोचून पाहा, पेन आत गेला तर दीमक आहे. सागाला लवकर लागत नाही म्हणतात, पण ओल असेल तिथे लागते.

खिडक्यांवर जुन्या ऑइलपेंटचे थर असतील आणि पोपडे निघत असतील तर ते घासून काढायची हौस करू नको, यूट्यूबवर पाहून बऱ्याच जणी करतात. आपल्याकडे घरच्या रंगात शिसं ९० पीपीएमच्या (दहा लाख भागांत नव्वद भाग) आत हवं हा नियम २०१७ पासून लागू झाला, त्याआधीच्या, त्यातल्या त्यात जुन्या ऑइलपेंटमधे कितीतरी जास्त शिसं असायचं आणि कोरडं घासलं की त्याची धूळ नाकातोंडात जाते. ओलं करून खरवडायचं, तोंडाला मास्क, खाली प्लास्टिक, नाहीतर सरळ वरून नवा हात मारायचा.

सकाळी नळाच्या वेळेला जा म्हटलं ते पाण्याचा जोर पाहायला. खाली सगळ्यांनी टिल्लू पंप लावले असतील तर वर काय थेंब पोचतात ते कळेल, आणि बोअर आहे का तेही कळेल. त्याच फेरीत एक पाहून ये, रस्ता. आपल्या शहरात सिमेंट रोड झाले आणि जुनी घरं रस्त्याच्या खाली गेली, आता पाऊस आला की पाणी रस्त्यावरून सरळ कंपाऊंडमधे. २०२३ च्या सप्टेंबरात २३ तारखेच्या पहाटे अंबाझरी तलावाचं पाणी आणि नाग नदी शहरात शिरली होती, त्या रात्री या गल्लीत पाणी कुठवर आलं होतं हे खालच्या काकूंना नक्की माहीत असेल. तू वर राहणार, तुझी गादी भिजणार नाही, पण मीटर खाली आहे आणि गाडीही खालीच लागणार. गाडीवरून आठवलं, धंतोलीत भुतापेक्षा पार्किंगचं टेन्शन मोठं, हॉस्पिटलमधे आलेली माणसं गेटसमोर गाडी लावून जातात आणि दोन तास येत नाहीत. तुझं मात्र बरं आहे, काँग्रेस नगरचं मेट्रो स्टेशन जवळ पडेल, खापरीपर्यंत सरळ मेट्रो आहे, तिथून पुढे कंपनीची बस.

आता कागद. इथे मालकाचं गप्प बसणं मला खुपलं, बाईंबद्दल लपवलं म्हणून तेवढं नाही, जो माणूस हे बोलला नाही तो आणखी काय बोलला नाही हा प्रश्न येतो म्हणून. तू लिहिलंस मालकाचे दोन भाऊ बाहेरगावी असतात. मग बंगला तिघांचा आहे का? आखीव पत्रिकेवर, म्हणजे जागेच्या सरकारी नोंदीवर, कोणाची नावं आहेत, टॅक्सची पावती कोणाच्या नावाने येते, हे विचारायला लाजू नको, भाडेकरूला विचारायचा हक्क आहे. बाकी भावांचं संमतीचं साधं पत्र तरी घे. नाहीतर तू पडदे शिवून घेशील आणि सहा महिन्यांनी पुण्याचा भाऊ येऊन म्हणेल आम्ही बिल्डरला दिला, इथे स्कीम होणार आहे. धंतोली, धरमपेठ, रामदासपेठ सगळीकडे हेच चाललं आहे, एक एक बंगला पडतो आणि फ्लॅट उभे राहतात. तेव्हा किती महिन्यांची नोटीस आणि डिपॉझिट कधी परत हे करारात स्पष्ट हवं.

आणि करार रजिस्टर हवा. ब्रोकर म्हणेल कशाला एवढं, नोटरी करून टाकू. नको. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यात कलम ५५ आहे, त्यात लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणी केलेलाच लागतो आणि ती जबाबदारी मालकाची. नोंदणी नसेल आणि वाद झाला तर अटींबद्दल भाडेकरू जे सांगेल ते आधी धरलं जातं, उलट सिद्ध होईपर्यंत. खर्च काय, अकरा महिन्यांच्या एकूण भाड्यावर पाव टक्का स्टॅम्प ड्युटी, म्हणजे तुझ्या साडेआठ हजारावर अडीचशेच्या आसपास, डिपॉझिटचे थोडे वर, आणि शहरात नोंदणीचे हजार रुपये. ऑनलाइन होतं, आधार आणि अंगठा. पोलीस व्हेरिफिकेशन त्यासोबतच उरकून टाक.

एक बारीक गोष्ट आहे, पण जुन्या भाडेकरूच्या खोलीत जाणाऱ्या प्रत्येकाने पाहावी अशी. बाई तिथे ३१ वर्षं, म्हणजे साधारण १९९३ पासून. तेव्हा आपल्याकडे १९४९ चा तो सी.पी. अँड बेरारचा (जुन्या मध्य प्रांत-वऱ्हाडचा) घरभाड्याचा आदेश चालायचा, १९९९ चा कायदा ३१ मार्च २००० ला लागू झाला तेव्हा तो गेला. अशा जुन्या भाडेकरूंना बरंच संरक्षण असतं आणि घरातलं कोणी सोबत राहत असेल तर त्याचाही हक्क उभा राहू शकतो. बाई एकट्याच होत्या, त्यामुळे तसं काही निघेल असं वाटत नाही. पण त्यांची ट्रंक, शिवणमशीन आणि पुस्तकं अजून खोलीत आहेत आणि मालक म्हणतो वापरा नाहीतर भंगारवाल्याला द्या, ते मला पटलं नाही. भाचा आहे ना त्यांचा अमरावतीला? मग मालकाने त्याला बोलवावं, सामान त्याच्या ताब्यात द्यावं आणि खोली रिकामी मिळाली असं त्याच्याकडून लिहून घ्यावं. हे झाल्यावरच तुझा करार. भाचा म्हणाला मशीन ठेवा तर ठेव, खुशाल ठेव, करारात सामानाच्या यादीत लिही. ट्रंक मात्र उघडू नको. तुला त्या ट्रंकेचं आकर्षण वाटून राहिलं हे तुझ्या पत्रात दिसतं, जुनी पत्रं असतील, फोटो असतील, मस्त रील होईल. दुसऱ्याचं आयुष्य आपल्या भिंतीवर डेकोरेशन म्हणून लावायचं आणि रात्री त्याच आयुष्याला घाबरायचं, अशी गंमत होते मग. लाईट बिल अजून बाईंच्या नावाने येत असेल, ते मालकाला सांगून बदलून घे आणि मागची बाकी शून्य आहे ना ते पाहून घे.

आता आई. आईला सांग. आजच सांग. खोली घ्यायची की नाही हे ठरायच्या आधी सांग, म्हणजे ते कबूल करणं होणार नाही, विचारणं होईल. नाही सांगितलं तर काय होईल ते मी तुला आत्ताच सांगते, आई यवतमाळवरून डबे घेऊन येईल, जिना चढताना खालच्या काकू भेटतील, 'तुम्हीच का आई' असं सुरू होईल आणि तू वर चहा टाकेपर्यंत सगळं झालेलं असेल. मग तिला बाईंचं दुःख नाही होणार, तू लपवलंस याचं होईल. ती म्हणेल शांतीची पूजा कर, तर कर ना. दोन तासांचं काम आहे, आईला बरं वाटेल, तुलाही चार माणसं घरी आल्यावर घर घर वाटेल. आपलं गाव तर ईडा-पीडा वेशीबाहेर नेण्यात पटाईत, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी 'घेऊन जा गे मारबत' म्हणत अख्खा इतवारी-महाल रस्त्यावर असतो. पूजा करायला माझी ना नाही, फक्त इलेक्ट्रिशियन आधी आणि भटजी नंतर.

आणि शक्य असेल तर पहिल्या दोन-चार रात्री आईलाच राहायला ठेव. तिला ती पेन्सिलीची चौकट दाखव. 'एकटी राहून शेवटी काय होतं' हे वाक्य ती तुला टोमणा म्हणून म्हणते असं तू धरून बसलीस, ती कदाचित प्रश्न म्हणूनच विचारत असेल गं, आणि उत्तर तिलाही माहीत नसेल. तू तिला उत्तर म्हणून लग्नाच्या बायोडेटावर भांडण देतेस. त्याऐवजी व्यवस्था दाखव. म्हणजे रोज सकाळी आठच्या आत एक मेसेज, नुसता चहाच्या कपाचा फोटो चालेल, आणि नाही आला तर तिने कोणाला फोन करायचा ते नाव आणि नंबर तिच्याजवळ. एक चावी खालच्या काकूंकडे. त्यांना मुद्दाम दे, त्यांना बरं वाटेल, कारण मी वर सांगितलं. आणि रात्री आतून लोखंडी आडणा घालू नको, बाहेरून चावीने उघडेल असं एक चांगलं लॅच बसवून घे, म्हणजे वेळ पडली तर दार तोडावं लागणार नाही. ११२ नंबर तर आहेच. हे फक्त तेहेतीसच्या मुलीने करायचं असं नाही, मी त्रेसष्टची आहे, मुलं बाहेर, मीही हेच करते. माझा मेसेज धाकट्या बहिणीला जातो आणि तिचा मला, आणि ज्या दिवशी विसरते त्या दिवशी ती आधी शिव्या घालते मग तब्येत विचारते.

माझं मत विचारशील तर, वायरिंग ठीक निघालं, मालकाने कवेलूचं आणि भाच्याचं काम केलं, आणि रात्रीच्या त्या तासात तुला बरं वाटलं, तर घे खोली. यातलं वायरिंग आणि करार हे दोन नसतील तर साडेआठ काय, पाच हजारात दिली तरी सोड, मनीष नगरला दुसरी मैत्रीण शोध. रात्रीचा तास वाईट गेला तरी सोड, वर म्हटलंच.

घेतलीस तर रंगवाला येईल तेव्हा ती चौकट त्याच्या हातात जाऊ देऊ नको, ते लोक विचारत नाहीत, फटकन ब्रश मारतात, आधी कागद आणि टेप लावून झाकून ठेव.

आणि खालच्या काकूंना विचार, तो दूधवाला अजून त्या गल्लीत येतो का. येत असेल तर दूध त्याच्याकडूनच लाव. अर्धा लिटर पुरे.